कूलरची खिडकी

[दृश्य: नागपूर, धरमपेठ. मे महिना, दुपारचे दोन. रस्ता सुनसान. कूलरची घरघर.]

नागपूरच्या उन्हाळ्यात घर म्हणजे बंद घर. सकाळी आठलाच खिडक्या लागतात, पडदे ओढले जातात आणि बाहेर लोखंडी स्टँडवर बसलेला कूलर दिवसभर घरघरत राहतो. बाहेर पारा ४५च्या पुढे. आत अंधार, गारवा, वाळ्याचा वास. आणि डायनिंग टेबलावर पसरलेला एका घराचा नकाशा. हे घर इथलं नाही, समुद्राकाठचं आहे.

[दृश्य: नकाशावर टेकलेले चार-पाच जणांचे हात.]

दोघे भाऊ, एक बहीण, तिघांचे तीन संसार आणि भावंडांची आई, म्हणजे घरातल्या आजी. गुहागर तालुक्यात त्यांनी मिळून एक एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट घेतलाय. आर्किटेक्ट नागपूरचीच, पण उमेदवारीची वर्षं तिनं रत्नागिरीकडे काढली आहेत.

आजींनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला.
"कूलरची खिडकी कुठं आहे?"
"काकू, तिथं कूलर चालत नाही," आर्किटेक्ट म्हणाली.
"काऊन?"

प्रश्न साधा वाटतो, पण सगळं घर त्यावरच उभं राहिलं. कूलरमधलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून गार वाटतं. नागपूरची मे महिन्यातली कोरडी हवा कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतलं पाणी घटाघटा पिते. कोकणातली हवा आधीच पाण्यानं भरलेली. तिथं अंगावरून वारा गेला तरच घाम सुकतो. इथं दार लावलं की जीव वाचतो, तिथं दार लावलं की जीव घुसमटतो. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय उलटी करायची होती.

[दृश्य: गुहागर. माडांच्या झावळ्या, पलीकडे समुद्राची गाज.]

थोरल्या भावाची मागणी एकच होती: भिंतभर काच आणि समोर समुद्र. असा एखादा फोटो हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतोच. पण कोकणात समुद्र पश्चिमेला. दुपारचं ऊन तिकडून, पावसाळ्यातली झड तिकडून, खारा वाराही तिकडूनच. सगळ्यात देखणी बाजू तीच सगळ्यात छळणारी. गुहागरातली जुनी घरं बघा. रस्त्याला लागून घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन, मग वाळू. समुद्र ऐकू येतो, घरातून दिसत नाही. ज्यांनी रोज समुद्र पाहिला, त्यांना तो दिवाणखान्यात नको होता. मला तर यात शहाणपणाइतकाच थोडा मिश्कीलपणाही दिसतो.

कायद्याचा रोखही तोच आहे. २०१९च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बाहेरून आलेल्याला भरतीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत नवं घर बांधता येत नाही. हा प्लॉट त्याच्या मागे आहे. तरी आर्किटेक्ट पहिल्या दिवशी वाळूत गेली ती मर्यादवेल बघायला. जांभळ्या फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते. समुद्रानं कुठवर यायचं ते ती सांगते, म्हणून तिचं नाव मर्यादवेल. तिच्यातून पायवाट काढायची नाही, हे तिथंच ठरलं.

[दृश्य: जांभ्याचे चिरे. गवंडी चिरा तासतोय.]

एकच मोठी इमारत उभी केली असती तर वारा अडला असता आणि माडही तोडावे लागले असते. म्हणून तीन छोटी घरं माडांच्या मधल्या जागांत बसवली आणि एका लांब पडवीनं जोडली. भिंती जांभ्याच्या. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, मग हवा लागून घट्ट होतो. लोखंड मात्र जपून वापरलंय. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, आतली सळई गंजून फुगते आणि स्लॅबची ढलपी निघते. काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक ४५६ किनाऱ्याकडच्या हवेत सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण मागतं. नागपुरात घरातल्या कोरड्या भागात २० चालतं. नागपूरहून नेलेल्या ठेकेदाराला हे दोनदा समजवावं लागलं. बिजागऱ्या, कोयंडे पितळी.

छपरावर वाद झाला. पाखं लांब काढली तर वादळ ती उचलतं, आखूड ठेवली तर पाऊस आत येतो. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. शेवटी पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेवलं. उद्या वाऱ्यानं पडवी नेली, तरी घर राहील.

[दृश्य: रात्र. पडवीत मंद दिवा, पश्चिमेला काळोख.]

पश्चिमेला एकही दिवा नाही. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाकडे धावतात. घराचा दिवा जास्त लखलखला तर समुद्राऐवजी ती घराकडे चालू लागतात.

[दृश्य: विहीर. रहाट नाही, छोटा पंप.]

तीन कुटुंबांना खरं एकत्र आणलं ते विहिरीनं. किनाऱ्यावर गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर चढतं. तिघांचे तीन पंप लागले असते तर विहीर बिघडायला वेळ लागला नसता. म्हणून एकच लहान पंप, एकच टाकी. स्वयंपाकघरही एकच. बहिणीनं मात्र स्वतःच्या खोलीत चहापुरता ओटा मागून घेतला. "सकाळचा पहिला चहा मी कोणाच्या हातचा पिणार नाही," एवढंच कारण तिनं दिलं, आणि कुणी पुढं विचारलंही नाही.

[दृश्य: पुन्हा धरमपेठ. टेबल, नकाशा, पेन्सिल.]

आजींचा दुसरा प्रश्न शेवटच्या बैठकीत आला.
"कौलं आहेत म्हणता. मग गच्ची नाही. वाळवण कुठं घालायचं?"

आर्किटेक्टनं घरापुढचा मोकळा चौकोन दाखवला. कोकणात त्याला खळं म्हणतात. पाऊस सरला की चोपून सारवतात, वर मांडव घालतात, पावसाआधी तो काढतात. त्या चौकोनात तिनं काहीच काढलं नव्हतं.

आजींनी पेन्सिल घेतली आणि तिथं लिहिलं: मुगवड्या.