ब्रेकचा दिवा लागला तर आधी चाक काढा

[दृश्य: नागपूरचा व्हरायटी चौक, सकाळची गर्दी. कॅमेरा पुढच्या चाकाजवळ.]

सकाळचे साडेनऊ. वर्धा रोडवरून बर्डीकडे येणारी गाडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. दर वेळी पुढच्या चाकांतले ब्रेक पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला चिमटा घेतात आणि थोडे झिजतात. हीच गाडी शिवमडक्याहून समृद्धीला लागली, तर कितीतरी किलोमीटर ब्रेकला पाय न लावता जाईल. म्हणून "पॅड किती किलोमीटर चालतात?" याला सरळ उत्तर नाही. पॅड झिजतात ते थांबण्याने. त्यातही १२० च्या वेगावरून थांबताना ६० च्या चौपट ऊर्जा त्यांना पचवावी लागते.

नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ उरला की पॅड बदलायचे. मागची लोखंडी पाटी यात धरायची नाही. घाईत बघणारे नेमकी तीच धरतात.

[दृश्य: डॅशबोर्ड, चावी फिरवल्यावर उजळलेले दिवे.]

वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषा, असा पिवळा दिवा म्हणजे पॅड संपत आले. पॅडमध्ये एक तार पुरलेली असते. थर झिजून डिस्क तिथवर पोचली की तार तुटते आणि दिवा लागतो. पण आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ही तारच नसते. त्यांत पॅडला पोलादाची एक छोटी जीभ असते. थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि बारीक, कानात घुसणारी शिटी वाजते.

ती ऐकायची कशी? नागपूरच्या उन्हाळ्यात काच उघडतो कोण! एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीशेजारून, काच खाली करून, हळू गाडी न्या आणि हलका ब्रेक दाबा. भिंतीवरून आवाज परत येतो. पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकला होणारी खरखर वेगळी. ती रात्रीत डिस्कवर धरलेल्या गंजाची असते आणि आपोआप जाते. ब्रेक दाबला की जाड घरघर येते आणि जातच नाही, तर मात्र लोखंड लोखंडावर घासतंय. मग पॅडसोबत डिस्कचाही खर्च धरा.

[दृश्य: वर्तुळातलं लाल उद्गारचिन्ह.]

आता लाल दिवा. हँडब्रेक ओढलेला असेल तर तो लागणारच. पण हँडब्रेक पूर्ण खाली असताना लागला, किंवा वळणावर, रामझुला पुलाच्या चढावर नुसता लुकलुकला, तर ब्रेक ऑइलची पातळी उतरली आहे. आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते: बाटली फोडून ऑइल भरलं जातं. दिवा विझतो, सगळे खूश.

ऑइल गेलं कुठे, हे कुणी विचारत नाही. पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या पकडीचा, पिस्टन तेवढा पुढे येतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं. समजा पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आहे आणि तो १ सेंटीमीटर पुढे आला. एका चाकात जवळजवळ २० मिलिलिटर ऑइल उतरलं, दोन्ही चाकांत ४०. ब्रेक ऑइलची डबी लहान, तिला हे लगेच जाणवतं. म्हणजे आधी पॅड बघायचे. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी खाली, तर कुठेतरी गळती आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल शोधा. पेडल मऊ लागत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा.

[दृश्य: स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च.]

टॉर्चने दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन जाम झाल्या असतील, तर आतला बराच आधी संपतो. म्हणून चाक काढूनच बघा. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक लावा आणि खाली स्टँड द्या.

पॅड एकाच चाकाचे बदलू नका. दोन्ही बाजूंचे जोडीने. कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. डबीचं झाकण सैल करून पिस्टन हळूहळू मागे दाबा. मध्ये कुणी ऑइल भरून ठेवलं असेल तर ते आता वर येऊन सांडेल, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. लगेच पाण्याने धुवा. स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीस, डिस्कला बोटसुद्धा नको. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून घ्या. तारेचा सेन्सर तुटला असेल तर तोही नवा, नाहीतर पिवळा दिवा तसाच राहील.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. मे महिन्याच्या ४५ अंशांना उगाच दोष दिला जातो. ऑइल बिघडवते ती त्याने शोषलेली ओल. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरली की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना हा फरक पायाला कळतो.

[दृश्य: चाक बसलेलं. पेडलवर पाय.]

इंजिन सुरू करून गाडी जागेवरच ठेवा आणि पेडल दाबत राहा. पहिल्यांदा ते थेट तळाला जाईल, कारण पिस्टन अजून मागे आहे. टणक लागेपर्यंत गिअर टाकायचा नाही. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत, आठ-दहा वेळा, सावकाश ब्रेक. मधे पूर्ण थांबायचं नाही, आणि शेवटी डिस्क थंड होईपर्यंत दोन-तीन किलोमीटर तशीच चालवायची.