फ्रीज थंड होत नाही: गॅस भरण्याआधी काय पाहावे

[दृश्य: पुण्यातील एका दुरुस्तीच्या दुकानाबाहेर पाठमोरे उभे केलेले फ्रीज]

मे महिना सुरू झाला की या दुकानाबाहेरचा पदपथ असा भरून जातो. दारांवर खडूने लिहिलेली तक्रार बहुतेक ठिकाणी एकच असते, 'कूलिंग नाही', आणि फ्रीज घेऊन आलेल्या माणसाने त्याचे निदानही बहुधा घरीच करून ठेवलेले असते. काउंटरपाशी उभ्या असलेल्या ताई विचारत आहेत, "काका, गॅस संपलाय ना? तेवढा भरून द्या." काका उत्तर देण्याऐवजी फ्रीजची मागची बाजू उजेडाकडे वळवतात.

फ्रीजमधील गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरातील गॅससारखा वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवत ठेवणारा पंप), मागची जाळी, बारीक कॅपिलरी नळी आणि फ्रीजरमधील कॉइल अशा पूर्ण बंद असलेल्या वर्तुळात तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. कॉइलमध्ये त्याची वाफ होताना तो आतील उष्णता शोषून घेतो आणि जाळीत पुन्हा द्रव होताना तीच उष्णता स्वयंपाकघरात सोडून देतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरून दिला, तर ग्राहकाने पैसे मोजलेले असतात आणि बिघाड मात्र जागच्या जागी असतो. गळती होतच नाही असे नाही. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत मागच्या लोखंडी नळ्या गंजतात आणि सांध्यांना बारीक छिद्रे पडतात. पण 'थंड होत नाही' या तक्रारीचे ते पहिले कारण समजणे चुकीचे आहे.

[दृश्य: कॉम्प्रेसरजवळील लेबल, जवळून]

या लेबलवर दोन गोष्टी छापलेल्या असतात, गॅसचे नाव आणि त्याचे वजन. गोदरेजने 1958 साली भारतात बनलेला पहिला घरगुती फ्रीज आणला, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे या जागी आर-12 हे नाव असे. ओझोनच्या थराला घातक ठरलेल्या वायूंवर नियंत्रण आणणारा माँट्रियल करार 1987 मध्ये झाला, भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला आणि आर-12 टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. त्याची जागा प्रथम आर-134ए ने घेतली, आणि आता नव्या घरगुती फ्रीजमध्ये बहुधा आर-600ए, म्हणजेच आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे, आणि त्याचे प्रमाण इतके थोडे असते की अनेक फ्रीजांच्या लेबलवर 50 ग्रॅमच्या आसपासचाच आकडा आढळतो. इतका गॅस अंदाजाने भरता येत नाही. नळ्यांमधील हवा व्हॅक्यूम पंपाने काढून घेऊन, डिजिटल काट्यावर वजन करूनच तो भरावा लागतो. ज्या कारागिराच्या पिशवीत काटा नाही, त्याला हे काम देऊ नये. आयसोब्युटेनच्या फ्रीजमध्ये गळतीचा संशय असताना जवळपास ज्योत पेटवू नये आणि घरच्या माणसाने नळ्यांना हात लावू नये.

[दृश्य: कोथरूडमधील एका सदनिकेचे स्वयंपाकघर. भिंतीला टेकलेला फ्रीज, वर कव्हर]

आता घरी काय पाहता येते ते पाहू. हा फ्रीज ओटा आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जवळजवळ ठोकून बसवलेला आहे. पाठीमागची जाळी दिसते आहे, निदान तिच्यावरचा धुळीचा थर तरी दिसतो आहे. ज्या नळ्यांनी उष्णता बाहेर टाकायची, त्यांच्यावर तेलकट वाफ आणि धूळ मिळून जाड आवरण तयार झाले की कॉम्प्रेसर थांबतच नाही. तो अखंड चालतो, तापतो आणि तरीही आत पुरेशी थंडी येत नाही. प्लग काढून, मऊ ब्रशने ही जाळी साफ करणे आणि फ्रीज भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढणे, एवढे काम कोणालाही करता येते. ज्या फ्रीजांना मागे जाळीच नसते, त्यांच्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यामागे असतात, म्हणून त्या बाजू हाताला गरम लागतात आणि ते बिघाडाचे लक्षण नसते. मात्र दोन्ही बाजूंना खिसे लोंबणारे, वीजबिले आणि लग्नपत्रिका भरलेले कव्हर नेमके त्याच गरम पत्र्यावर पांघरलेले असते. ते काढून टाकावे.

दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही आणि दर काही मिनिटांनी मागून 'टक्' असा आवाज येतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो, जास्त करंट खेचतो आणि ओव्हरलोड हा संरक्षक स्विच त्याला बंद करतो, त्याचा हा आवाज आहे. अशा वेळी आधी व्होल्टेज मोजावे. घरात 230 व्होल्ट अपेक्षित असतात. संध्याकाळी ते फार खाली येत असतील, तर दोष फ्रीजचा नसून पुरवठ्याचा आहे. व्होल्टेज ठीक असेल, तर कॉम्प्रेसरच्या बाजूला खोचलेला रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, पाहावा. काका तो काढून कानाशी हलवत आहेत. आत खुळखुळ वाजले, म्हणजे त्यातील चकती फुटली आहे. कॉम्प्रेसरच्या मानाने हा भाग अगदी किरकोळ किमतीचा असतो, आणि तो न तपासता 'कॉम्प्रेसर गेला' असे सांगितले गेल्याची उदाहरणे या दुकानात रोज येतात. फ्रीज बंद केल्यावर लगेच चालू केला, तरीही हाच आवाज येऊ शकतो, कारण नळ्यांमधील दाब समान व्हायला वेळ लागतो. म्हणून मध्ये पाच मिनिटे थांबावे.

दाराच्या रबराची परीक्षा तर सर्वांत सोपी आहे. दारात दहाची नोट धरून दार लावावे आणि नोट ओढावी; ती अडखळत यावी, सहज सुटून येऊ नये. चारही कडांना हे करून पाहावे. रबर कोमट पाण्याने आणि साबणाने पुसल्यावर बऱ्याचदा पुन्हा नीट चिकटते, कारण खाचेत साचलेली साय आणि मुरांब्याचा पाक यांनीच ते उचलले गेलेले असते. पावसाळ्यात दाराच्या कडेला बाहेरून पाणी सुटते, ते मात्र बहुधा हवेतील दमटपणामुळे असते.

[दृश्य: फ्रीजरच्या आतील मागचे पॅनेल उघडले जाते. बर्फाने भरलेली कॉइल]

हे दृश्य थोडे निवांत पाहावे. हा फ्रॉस्ट फ्री, म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपला आपणच वितळवणारा फ्रीज आहे. वरच्या फ्रीजरमध्ये बर्फ होतो आहे, पण खालच्या कप्प्यात दूध नासते आहे, अशी याची तक्रार होती, आणि घरच्यांना गॅस भरण्याचा सल्ला मिळालेला होता. पॅनेलमागे ही कॉइल आहे आणि ती पांढऱ्या बर्फात पूर्ण गाडली गेली आहे. या प्रकारच्या फ्रीजमध्ये थंडी एकाच ठिकाणी तयार होते आणि वरचा छोटा पंखा ती हवेबरोबर खाली ढकलतो. कॉइलच्या पत्र्यांमधील फटी बर्फाने बुजल्या की हवेला वाटच उरत नाही. वरचा कप्पा बर्फाला लागून असल्यामुळे गार राहतो आणि खालचा उबदार होत जातो. म्हणजे थंडी तयार होते आहे, ती पोहोचत नाही.

बर्फ कसा जमला आहे, यावरून कारण कळते. या कॉइलवर तो वरपासून खालपर्यंत सारखा आहे. याचा अर्थ गॅस सगळीकडे पोहोचतो आहे आणि बिघाड बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत आहे. याउलट कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवरच बर्फ आणि उरलेली कॉइल कोरडी दिसली असती, तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त ठरला असता. हे पॅनेल न उघडता गॅस भरायला सांगणारा माणूस कशाच्या आधारावर सांगतो, हा प्रश्न विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

फ्रॉस्ट फ्री फ्रीज दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबवतो आणि कॉइलखालील हीटर थोडा वेळ चालू करतो. वेळ ठरवण्याचे काम जुन्या फ्रीजमध्ये टायमर करतो आणि नव्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बर्फ वितळून कॉइल शून्याच्या वर गेली की बायमेटल, म्हणजे तापमानानुसार उघडणारा-जुळणारा स्विच, हीटरची वीज तोडतो, आणि तो अडकला तर फ्यूज वितळून पुढचा अनर्थ टळतो. या चार भागांपैकी एक जरी निकामी झाला, तरी आठवड्याभरात कॉइलचे असे होते.

काका प्लग काढून, कोमट पाण्याने सावकाश बर्फ वितळवतात आणि मग मल्टीमीटर लावतात. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 150 वॅटच्या हीटरचा रोध हिशेबाने साधारण 350 ओहम भरतो, आणि मीटरवर तसाच आकडा दिसला, म्हणजे हीटर शाबूत आहे. फ्यूजही शाबूत आहे. बायमेटल मात्र काहीच दाखवत नाही. नवखा माणूस इथेच फसतो, कारण बायमेटल खोलीच्या तापमानाला उघडाच असायला हवा. तो गार झाल्यावरच जुळतो. म्हणून काका तो पिशवीत गुंडाळून शेजारच्या चालू फ्रीजरमध्ये ठेवतात आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजतात. पडद्यावर दिसते आहे ते दुसरे मापन आहे. तो गार होऊनही जुळत नाही. बिघाड सापडला. नवा बायमेटल दोन वायरी जोडून कॉइलच्या नळीवर अडकवला जातो, जोड नीट झाकले जातात आणि पॅनेल बंद होते. गॅसच्या नळीला या सगळ्यात कोणी हातही लावलेला नाही.

वितळलेले पाणी जिथून खाली जाते, ते छिद्रही याच वेळी मोकळे करून घ्यावे. ते बुजले की पाणी भाजीच्या ट्रेखाली साचते आणि लोक दाराला दोष देतात. कोमट पाण्याची पिचकारी आणि मऊ प्लॅस्टिकची नळी एवढे पुरते; तार घालू नये.

[दृश्य: एकदारी जुना फ्रीज, फ्रीजरच्या कप्प्यात पडलेला सुरीचा ओरखडा]

एकदारी डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये पंखा नसतो आणि फ्रीजरची भिंत म्हणजेच कॉइल. अर्धा सेंटिमीटर बर्फ जमला की डीफ्रॉस्टचे बटण दाबावे. सुरीने बर्फ काढताना पत्र्याला असे छिद्र पडते, गॅस जातो आणि बहुतेक वेळा फ्रीजही जातो. पुढचा प्रवास भंगारात होतो, आणि 2022 च्या नियमांनुसार हा ई-कचरा आहे, तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावा. फ्रीज बंद पडला असेल, तर त्यातील शिजवलेले अन्न चार तासांनंतर खाऊ नये.

[दृश्य: दुहेरी दाराचा मोठा फ्रीज, आइस मेकरचा कप्पा]

आता आइस मेकर. आपल्याकडे अजून बहुसंख्य घरांत तो म्हणजे पिळून बर्फ काढायचा ट्रे असतो आणि त्याची तक्रार क्षाराच्या थराची असते. व्हिनेगरच्या पाण्याने धुतले की वड्या सुटतात. पाइपने पाणी घेणाऱ्या फ्रीजची गोष्ट वेगळी आहे. हे घर इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, आणि त्यातून पडणारे तुकडे पहा: पातळ आणि मधून पोकळ. बहुतेक आइस मेकरच्या व्हॉल्व्हला किमान 1.4 बार दाब लागतो. छतावरील टाकीपासून नळ जेवढ्या मीटर खाली, तेवढा दाब मिळतो, दर दहा मीटरला साधारण एक बार. वरच्या मजल्यावर टाकी तीन-चार मीटरवरच असल्यामुळे मिळणारा दाब 0.4 बारच्याही आत राहतो. आरओच्या टाकीतून जोडणी दिली असेल, तरी हाच प्रश्न येऊ शकतो. कमी दाबाने पाणी ठिबकत येते, नळीच्या तोंडाशीच गोठते आणि मग बर्फ पूर्ण थांबतो. मशीन बदलून काही होत नाही. छोटा दाब वाढवणारा पंप लागतो.

इतर कारणे लवकर तपासून होतात. बाजूची तारेची दांडी वर उचललेली असेल, तर आइस मेकर बंदच असतो, आणि घाईत वस्तू ठेवताना ती अनेकदा उचलली जाते. फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो. साच्याचे तापमान उणे दहा अंशांच्या आसपास गेल्याशिवाय यंत्र तुकडे सोडत नाही, म्हणून फ्रीजर उणे अठरापर्यंत पोहोचत नसेल, तर बर्फ आधी थांबतो आणि मग बाकीचे बिघाड लक्षात येतात. अशा वेळी आइस मेकरचे पॅनेल न उघडता मघाची कॉइल पाहावी. तुकड्यांच्या मधला पांढुरकेपणा पाण्यात विरघळलेल्या हवेमुळे असतो. तो दोष नाही. नवा फिल्टर बसवल्यावर यंत्र पहिला बर्फ द्यायला चोवीस तासही घेऊ शकते, आणि सुरुवातीच्या दोन-तीन खेपा टाकून द्याव्यात. खूप दिवस न वापरलेली बर्फाची पेटीही रिकामी करावी, कारण जुना बर्फ कांदा-लसणाचा वास धरतो.