क्लिअर कोटचा हिशेब: गाडीचे पॉलिश हाताने की मशीनने?

मित्रहो, गाडीला पॉलिश हाताने करावे की मशीनने, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एकच गोष्ट असते: चमक कशाने जास्त येईल? मी मात्र या प्रश्नाकडे रंगाच्या थराच्या बाजूने पाहतो. पॉलिश करताना आपण गाडीवरून काहीतरी कायमचे काढून टाकत असतो, आणि जे काढतो ते पुन्हा भरून येत नाही.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यांतला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. पॉलिशमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक कण तो थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात, तेव्हा ओरखडा दिसेनासा होतो. हलक्या पॉलिशमध्ये एखादा-दुसरा मायक्रॉन जातो, कंपाउंडमध्ये, म्हणजे जाड कणांच्या पॉलिशमध्ये, त्याहून बराच अधिक. ज्या ओरखड्यात नख अडकते तो इतका खोल असतो की पॉलिशने तो पुरता घालवण्याचा हट्ट धरूच नये.

उन्हात बॉनेटकडे पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. पुसणाऱ्याने गोल हात फिरवला म्हणून ती उमटली, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ओरखडे सर्व दिशांना असतात; प्रकाशाच्या रेषेला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि म्हणून डोळ्यांना वर्तुळ भासते. हे ओरखडे येतात धुळीतून. आपल्या सोसायट्यांमध्ये रोज पहाटे एका बादलीत आणि एकाच फडक्याने कितीतरी गाड्या पुसल्या जातात आणि आदल्या गाडीची माती पुढच्या गाडीवर घासली जाते. पुसणाऱ्याला मी दोष देणार नाही, त्याला मिळते तेवढ्याच पाण्यात त्याला भागवावे लागते. पण कोरड्या धुळीवर फडके मारण्यापेक्षा दोन दिवस गाडी तशीच राहिलेली बरी.

आता हाताच्या कामाकडे वळू. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत होत्या त्या काळात बहुतेक गाड्यांच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. पॉलिश करताना गाडीचा रंगच फडक्याला लागायचा. वरचा निस्तेज, उन्हाने पांढुरका पडलेला थर हाताने चोळूनही निघायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. हाताच्या पॉलिशबद्दलचा आपल्याकडचा विश्वास बराचसा त्या रंगांनी घडवलेला आहे. आजचा क्लिअर कोट त्याहून पुष्कळ कठीण असतो. हात कितीही मेहनती असला तरी त्याचा वेग मिनिटाला शे-सव्वाशे फेऱ्यांच्या पुढे फारसा जात नाही, आणि दाब बोटांच्या टोकांवर एकवटल्यामुळे कुठे जास्त घासले जाते, कुठे कमी. म्हणून दरवाज्याच्या मुठीमागचे नखांचे ओरखडे, मागच्या अक्षरांभोवतीची जागा, आरशाचे वळण किंवा एखादाच सुटा चरा यांसाठी हात उत्तम. अख्ख्या बॉनेटवरचे जाळे काढायला तो अपुरा पडतो. तेलकट पॉलिशने हे जाळे काही काळ भरून निघते, गाडी झकास दिसते आणि दोन-चार धुण्यांनंतर ते पुन्हा डोके वर काढते.

मशीन म्हटल्यावर दोन अगदी वेगळी यंत्रे डोळ्यांसमोर आणावी लागतात. रोटरी मशीनचे पॅड, म्हणजे पॉलिश घासणारी मऊ गादी, एकाच आसाभोवती मिनिटाला सहाशेपासून तीन हजारांपर्यंत फेरे घेते. ते झपाट्याने कापते आणि तितक्याच झपाट्याने तापवते. क्षणभर एका जागी थांबले किंवा पॅड तिरके झाले, तर कडेचा क्लिअर कोट उडून आतला रंग उघडा पडतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने तिथली उष्णता पसरत नाही आणि धोका वाढतो. मशीनने गाडी खराब होते अशी जी ओरड ऐकू येते, तिच्यामागे बहुधा अडाणी हातातली रोटरी असते.

दुसरे ड्युअल ॲक्शन मशीन. त्याचे पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी ८, १५ किंवा २१ मिलिमीटरच्या छोट्या कक्षेतही फिरते. एका बिंदूवर घर्षण साचत नाही, उष्णता आवाक्यात राहते, आणि शिकाऊ माणसालाही याने रंग जाळणे अवघड जाते. घरच्या घरी काम करणाऱ्याने हेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते जोरात दाबले की पॅडचे फिरणे थांबते आणि नुसती थरथर उरते. हे कळावे म्हणून पॅडमागच्या तबकडीच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढावी. काम चालू असताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. ती एकाच जागी थरथरू लागली की दाब कमी करायचा.

सुरुवात गाडी नीट धुऊन, रबरी पट्ट्या आणि कडांवर मास्किंग टेप लावून करावी. मग हातभर चौकोनात सर्वांत मऊ फोम पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश वापरून पाहावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून तेल काढले आणि टॉर्चच्या उजेडात पाहिले की खरे किती निघाले ते समजते. तेवढ्याने भागत असेल तर कंपाउंडला हात लावू नये. सर्व्हिसिंगला गाडी दिली की ‘रबिंग (म्हणजे कंपाउंडने घासणे) करून देऊ का’ असे विचारले जाते, तेव्हा माझे उत्तर नकाराचेच असते. दरवेळी घासायला तेवढा थर गाडीवर नाही, आणि तो संपला की पुढे रंगकामाशिवाय इलाज नाही.

वॅक्सचे गणित वेगळे. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे कार्नाउबा मेण असो की कृत्रिम सीलंट, ते थर काढत नाही, वर बसते. त्याला वेगाची गरजच नाही. ते हातानेच लावावे: सावलीत, पत्रा गार असताना, मऊ स्पंजवर अगदी थोडे घेऊन, एका वेळी एकच दरवाजा. बोट फिरवल्यावर चिकट रेघ न उठता खाली स्वच्छ चमक दिसली की ते वाळले असे समजावे आणि मायक्रोफायबरच्या कोऱ्या घडीने उचलून घ्यावे.