सही करायला कुणी नसतं

(दृश्य: प्री-क्लिनिकल लॅब, रांगेत फँटम हेड)

फँटम हेड म्हणजे सरावासाठीचं नकली डोकं. या रबरी गालांच्या डोक्याला लाळ सुटत नाही, त्याची जीभ मध्ये येत नाही, ते ओरडतही नाही. बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाची मुलं यावरच एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, धरायला शिकतात. मिनिटाला 3 लाखांहून जास्त फेरे घेणारं हत्यार. हात जरा ढळला की निरोगी दातही कातला जातो.

(दृश्य: कॉलेजची ओपीडी)

तिसऱ्या वर्षी खरा पेशंट येतो, आणि त्याच्याबरोबर कोटा. इतके दात काढायचे, इतकी फिलिंग, इतक्या कवळ्या. पूर्ण कवळी करायची तर तोंडात एकही दात नसलेलं माणूस हवं. मग कुणी गावाकडच्या आजीला आणतं, कुणी हॉस्टेलच्या वॉचमनला गळ घालतं. रिक्षाचं भाडं, कधी उपचाराची फीसुद्धा, विद्यार्थ्याच्याच खिशातून.

कीड पूर्ण निघाली? सरांची सही. माप नीट आलं? सही. गर्दीच्या ओपीडीत इंजेक्शन देऊन देऊन हात बसतो, हे मात्र मान्य करायलाच हवं.

(दृश्य: उपनगरातलं क्लिनिक, संध्याकाळ)

इथे सही करायला कुणी नसतं. पेशंटची दाढ रात्रभर ठणकलीय. कॉलेजात रूट कॅनाल केलेलं बहुतेक पुढच्या, एका मुळाच्या दातांचं. दाढेच्या मुळांत तीन-चार कॅनाल, म्हणजे बारीक नळ्या, आणि वरच्या पहिल्या दाढेतला चौथा तर लपून बसण्यात पटाईत. स्वतः करावं, की एंडोडोंटिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे, पाठवावं? फीच्या टक्केवारीवर काम करणाऱ्या नव्या डॉक्टरला पाठवणं परवडत नाही. त्यात पेशंट म्हणतो, "काढूनच टाका ना डॉक्टर, स्वस्तात पडेल."

दात वाचण्यासारखा असतो. तो का वाचवायचा, कॅप कितीची बसेल, हे न अडखळता सांगायची सवय फँटम हेडवर लागत नाही. क्लिनिक चालवण्याबद्दल अभ्यासक्रमात थोडं आहे, पण ते थिअरीच्या पेपरपुरतं. एक्स-रे मशीनची नोंदणी, जैववैद्यकीय कचरा, हे कळतं जागा भाड्याने घेतल्यावर.

(दृश्य: ग्रंथालय)

या सगळ्यासाठीच तर क्लिनिकच्या आधीचं इंटर्नशिपचं वर्ष. पण ओपीडी उरकून बरेच इंटर्न इथे दिसतात: नीट एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी. 2023 च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने परवान्यासाठी एक्झिट परीक्षाही ठरवली आहे. तिची तयारी याच वर्षात करावी लागली, तर दाढेच्या पेशंटपाशी इंटर्न किती वेळ थांबणार?