पार्सल दोडामार्गला जात नाही

(दृश्य: गोव्यातल्या डिचोलीहून महाराष्ट्रातल्या दोडामार्गकडे जाणारा रस्ता. कदंब बस, काजूची झाडं, हद्दीवरचा फलक.)

सावंतवाडीत घरी लोणचं घालणारी बाई गोंदियाच्या गिऱ्हाइकाला बरणी पाठवते. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली, की तिला जीएसटीचा नंबर लागत नाही आणि विवरणपत्रही भरावं लागत नाही. कुरिअरवाला येतो, बरणी उचलतो, संपलं.

डिचोलीतल्या बाईने तशीच बरणी दोडामार्गला पाठवायची ठरवली, तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. डिचोली, साखळीकडच्या लोकांच्या सोयरिकी दोडामार्गात आहेत, बाजार आहे, देवदर्शन आहे. कायद्याच्या लेखी मात्र ते परराज्य.

केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम २४ सांगतं, की जो करपात्र माल राज्याबाहेर विकतो, त्याने उलाढाल कितीही असो, नोंदणी करायलाच हवी. ४० लाखांची सवलत गोव्यालाही १ एप्रिल २०१९ पासून आहे. पण ती राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. आणि गोव्याचं आत म्हणजे केवढं? ३,७०२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेप्रमाणे १४ लाख ५८ हजार माणसं. त्याच जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा. सवलत कागदावर दोघांना सारखी, पण एकाला तिच्यासोबत ११ कोटींचा बाजार मिळाला आणि दुसऱ्याला १४ लाखांचा.

(दृश्य: डिचोली तालुक्यातलं एक घर. सोप्यावर टेबल, पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टी, वजनकाटा.)

या टेबलावर स्वयंसाहाय्य गटाच्या बायका माल बांधतात. डाव्या हाताला पापड. उजव्या हाताला कैरीचं लोणचं, सोललेले काजूगर आणि खाजं. पापडावर जीएसटी शून्य आहे. नुसतेच पापड विकणाऱ्या गटाला नोंदणी लागत नाही. त्यांनी ते मुंबईला पाठवावेत, दिल्लीला पाठवावेत, कुणी विचारणार नाही. पण त्याच खोक्यात, पापडांच्या फटीत, लोणच्याची एक छोटी बरणी सरकवली की गट ‘आंतरराज्य करपात्र पुरवठादार’ होतो. बरणी शंभराची असली तरी. म्हणून इथे परगावची ऑर्डर आली, की आधी विचारतात, पापड हवेत की आणखी काही?

खाजं घ्या. बेसनाच्या कांड्या, वर गूळ, आलं, तिळाचा थर. शिरगावच्या लईराईच्या जत्रेतून कुणी खाजं न घेता परतत नाही. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळालं, काणकोणच्या खोला मिरचीलाही. २०२३मध्ये काजू, मानकुराद आंबा आणि बेबिंका ही मिठाई यांनाही मिळालं. मानांकन म्हणजे हा पदार्थ गोव्याचाच, अशी देशाला दिलेली खूण. ती खूण पाहून बेळगावहून कुणी अर्धा किलो मागितलं, तर पाठवणारा मात्र अडतो. एका सरकारी कागदाने पदार्थ देशभर मिरवायला सांगायचा आणि दुसऱ्याने त्याला वेशीवर अडवायचा, यातली विसंगती कुणाला खटकत कशी नाही, याचं मला नवल वाटतं.

आता पर्यटकांचं बघा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुण्याचं कुटुंब काजू घेतं, पिशवीत घालतं, घरी नेतं. ही विक्री गोव्यातली, नोंदणीचा प्रश्नच नाही. महिन्याभराने तेच कुटुंब फोन करतं, ‘काजू संपले, अजून दोन किलो पाठवा.’ पाकीट तेच, दर तोच, गिऱ्हाईकही तेच. पण आता ती आंतरराज्य विक्री. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून आणखी एक गंमत. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता पावतीवर लिहिला, तर माल त्या पत्त्याच्या राज्यात विकला असं धरतात. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पुरे. पत्ता नसेल तर विक्री दुकानदाराच्या राज्यातली. दुकानात समोर उभ्या माणसाला माल दिला आणि पावतीवर भाबडेपणाने ‘महाराष्ट्र’ लिहिलं, की झाली हद्द पार.

मग नोंदणीच करून टाका, असं कुणीही म्हणेल. शुल्क काही नाही, अर्ज ऑनलाइन. पण व्यवसायाच्या जागेचा पुरावा लागतो, घरपट्टीची पावती किंवा विजेचं बिल, आणि जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र. गोव्यातली जुनी घरं अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर. एक वारस मुंबईत, एक आखातात, एक पोर्तुगालला. संमती आणायची कुणाची? तेही जमलं, तर पुढे विवरणपत्रं. एका रुपयाची विक्री नसली तरी भरायची, आणि उशीर झाला तर शून्य विवरणपत्राला दिवसाला २० रुपये, एरवी ५०. छोट्यांसाठी ठोक दराने कर भरायची कंपोझिशनची सोपी योजना आहे खरी, पण तिच्यात शिरलेल्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. म्हणजे लोणच्याच्या दहा बरण्यांसाठी कारखान्याच्या मापाचा हिशेब.

सरकारची बाजूही आहे, आणि ती फुसकी नाही. जीएसटी जिथे माल वापरला जातो त्या राज्याला मिळतो. गोव्याचे काजू पुण्यात खाल्ले, तर राज्याचा वाटा महाराष्ट्राचा. विकणारा नोंदवहीतच नसेल, तर तो महाराष्ट्राला मिळणार कसा? प्रश्न रास्त आहे. पण सावंतवाडीहून गोंदियाला गेलेल्या बरणीचा कर तरी कुणाला मिळतो? कुणालाच नाही. ४० लाखांच्या आतला कर सोडायचा, हे सरकारने आधीच ठरवलेलं आहे. प्रश्न उरतो तो फक्त हद्दीचा.

(दृश्य: युरोपचा नकाशा. एकेका देशावर व्हॅटचा दर उमटतो.)

हेच भांडण युरोपातही झालं. १ जानेवारी २०१५ पासून तिथे नियम आला, की डिजिटल माल विकला तर व्हॅट गिऱ्हाइकाच्या देशाच्या दराने. लक्झेंबर्गला १७ टक्के, हंगेरीला २७. किमान मर्यादा नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा ८१,००० पाउंडांच्या आतल्या धंद्याला व्हॅट नव्हता. पण घरी बसून विणकामाच्या नमुन्यांच्या फाइली काही पाउंडांना ऑनलाइन विकणाऱ्या बाईला गिऱ्हाईक कुठल्या देशातलं, याचे दोन पुरावे घ्यायचे आणि नोंदी दहा वर्षं जपायच्या, असं फर्मान आलं. काहींनी परदेशी गिऱ्हाइकंच बंद केली. बाकीच्यांनी आपला अनुभव लिहून काढला, सह्या गोळा केल्या, ब्रसेल्सचे उंबरे झिजवले. चार वर्षं गेली. १ जानेवारी २०१९ला परदेशी विक्रीला वर्षाकाठी १०,००० युरोची मर्यादा मिळाली. तिच्या आत असाल, तर आपल्याच देशाचा नियम. दैव बघा, मोहिमेत हिरिरीने उतरलेल्या ब्रिटिशांना ती फार काळ लाभली नाही, कारण त्यांचा देशच युरोपीय संघातून बाहेर पडला.

आपल्याकडेही काहीच हाललं नाही असं नाही. कॉन्फेडरेशन ऑफ ऑल इंडिया ट्रेडर्ससारख्या संघटनांनी ऑनलाइन विक्रीच्या सक्तीच्या नोंदणीविरुद्ध मागणी लावून धरली. जून २०२२मध्ये चंदीगडच्या ४७व्या बैठकीत केंद्र आणि राज्यं मिळून बनलेल्या जीएसटी परिषदेने ती मानली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यालाही ऑनलाइन बाजारात माल विकता येऊ लागला. मुख्य अट, राज्याच्या आत. मुंबईच्या विक्रेत्याला त्यात नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर मिळालं. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याच्या विक्रेत्याला मिळालं दक्षिण टोकाचं काणकोण. सप्टेंबर २०२५च्या ५६व्या बैठकीत अनेक राज्यांत ऑनलाइन विकणाऱ्या छोट्यांसाठी सोप्या नोंदणीला तत्त्वतः मान्यता मिळाली. तिचा भर प्रत्येक राज्यात व्यवसायाची जागा दाखवण्याची कटकट कमी करण्यावर आहे. सोपी झाली तरी ती नोंदणीच.

(दृश्य: पणजी, मांडवीचा काठ, सचिवालयाकडे जाणारा पूल.)

परिषदेची ३७वी बैठक २० सप्टेंबर २०१९ला गोव्यातच झाली होती. नियम बदलायची मागणी न्यायची ती या परिषदेतच. परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन असतं, उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या राज्यांत सारखं वाटलेलं. लोकसंख्या बघत नाहीत. उत्तर प्रदेशाच्या मताला जेवढं वजन, तेवढंच गोव्याच्या. ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे गोव्याला सोबती हवेत. ईशान्येकडची छोटी राज्यं याच कात्रीत आहेत.

आणि मागायचं ते काही अघटित नाही. १३ ऑक्टोबर २०१७च्या एका अधिसूचनेने राज्याबाहेर सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत नोंदणीतून सोडलेलं आहे. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंनाही तशी सूट आहे. डिचोलीतल्या याच घरात मुलगा वरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीसाठी वेबसाइट करतो, नोंदणीशिवाय, कायद्याला धरून. खाली सोप्यावर त्याच्या आईला तीच मुभा लोणच्यासाठी हवी आहे.