सिडनी ते अबू धाबी: शारूनस यासिकेविचुस

सप्टेंबर 2000. सिडनी ऑलिंपिकमधला बास्केटबॉलचा उपांत्य सामना संपायला आता काही क्षणच उरले आहेत. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडूंना घेऊन 1992 साली मैदानात उतरल्यापासून अमेरिकेचा संघ ऑलिंपिकमध्ये एकही सामना हरलेला नाही. त्याच्यासमोर उभा असलेला लिथुआनिया हा जेमतेम पस्तीस लाख वस्तीचा देश फक्त दोन गुणांनी मागे आहे. चेंडू आहे 24 वर्षांच्या शारूनस यासिकेविचुसच्या हातात. या सामन्यात त्याने 27 गुण मिळवले आहेत, पण वेळ संपता संपता त्याने केलेली तीन गुणांची फेक हुकते आणि अमेरिका 85-83 अशी निसटती जिंकते. दोनच वर्षांपूर्वी एनबीएच्या निवड प्रक्रियेत ज्याचे नाव कोणत्याही संघाने घेतले नव्हते, तो खेळाडू त्या रात्री जगभर पोहोचला, तोही हुकलेल्या फेकीमुळे.

शारूनसचा जन्म 1976 साली काउनस शहरात झाला. त्याची आई रीता नावाजलेली हँडबॉलपटू होती, आणि गाव तर बास्केटबॉलचेच होते. थोर बास्केटबॉलपटू अर्विदास साबोनिस याच काउनसचा. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघाकडून सामन्याला सुरुवात करणाऱ्या पहिल्या पाचांत चार जण लिथुआनियाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे 1990 मध्ये स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या या देशाला स्वतःच्या नावाच्या जर्सीचे एवढे मोल का वाटते, ते समजते. शारूनस शालेय वयातच अमेरिकेत गेला, मेरीलँड विद्यापीठाकडून चार वर्षे खेळला आणि 1998 मध्ये युरोपात परतला.

तो फार वेगवान नव्हता, उंच उडी घेणाराही नव्हता. त्याचे सामर्थ्य नजरेत होते. आपला सहकारी पुढच्या क्षणी कुठे मोकळा होणार हे त्याला आधीच दिसे, आणि बचावपटूची मान वळण्याआत चेंडू तिथे पोहोचलेला असे. त्याच्या पुढच्या सगळ्या वाटचालीची किल्ली मला या नजरेतच दिसते.

2003 मध्ये बार्सेलोनाकडून त्याने युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, पहिल्यांदा जिंकली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये लिथुआनिया युरोपचा विजेता ठरला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. पुढे तो तेल अवीवच्या मकाबी संघात गेला आणि 2004 च्या एप्रिलमध्ये त्याला आपल्याच गावच्या झालगिरिस संघाविरुद्ध उतरावे लागले. अखेरच्या दोन सेकंदांपर्यंत झालगिरिसच जिंकत होता. मग मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लांब पास आला, मकाबीच्या डेरिक शार्पने जागच्या जागी वळून तीन गुणांची फेक साधली आणि सामना बरोबरीत आणला. जादा वेळेत मकाबी जिंकला. काउनसच्या क्रीडाप्रेमींना ती जखम आजही आठवते. मकाबीने 2004 आणि 2005 अशी सलग दोनदा युरोलीग जिंकली. त्याच काळात, अथेन्स ऑलिंपिकच्या गटसामन्यात, शारूनसने 28 गुण मिळवून अमेरिकेला 94-90 असे हरवण्यात मोठा वाटा उचलला.

एनबीएतली इंडियाना आणि गोल्डन स्टेट या संघांकडची दोन वर्षे त्याला फारशी मानवली नाहीत. 2007 मध्ये तो अथेन्सच्या पानाथिनाइकोसमध्ये आला आणि 2009 साली झेल्को ओब्रादोविच या थोर प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने चौथी युरोलीग जिंकली. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून चार विजेतेपदे मिळवणारा तो पहिलाच खेळाडू होता.

खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम तो झालगिरिसकडूनच खेळला, तिथेच सहायक प्रशिक्षक झाला आणि जानेवारी 2016 मध्ये मुख्य प्रशिक्षक. बाजूरेषेवर उभा असलेला हा माणूस तापट आहे. टाइम-आउटमध्ये तो खेळाडूंवर कडाडतो, कारण जे त्याला दिसते ते इतरांनाही दिसलेच पाहिजे असा त्याचा आग्रह असतो. पण 2017 मधली एक पत्रकार परिषद त्याची दुसरी बाजू दाखवते. ऐन उपांत्य फेरीत ऑगुस्तो लिमा हा खेळाडू आपल्या बाळाच्या जन्मासाठी घरी गेला होता. त्याबद्दल एका तरुण पत्रकाराने शंका घेतली, तेव्हा शारूनसने त्यालाच विचारले, तुला मुले आहेत का? आणि बाप होण्यापुढे कोणताही चषक मोठा नाही, हे त्याने शांतपणे, न हसता समजावून सांगितले. ते चित्रण जगभर पाहिले गेले, आणि ते पाहिले जावे असेच आहे.

2018 मध्ये मोजक्या पैशांत बांधलेला झालगिरिस एकोणीस वर्षांनी युरोलीगच्या फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीत, पोहोचला. तिथे त्याला रोखले ते इस्तंबूलच्या फेनरबाचेने, आणि फेनरबाचेचे प्रशिक्षक होते ओब्रादोविच. पुढे बार्सेलोनाला शारूनसने लागोपाठ तीन वेळा फायनल फोरमध्ये नेले, 2021 चा अंतिम सामनाही गाठला, पण युरोलीगचा चषक हाती लागला नाही. डिसेंबर 2023 मध्ये त्याने फेनरबाचेची सूत्रे घेतली. पहिल्याच हंगामात हा संघ उपांत्य सामन्यात हरला, तोही पानाथिनाइकोसकडून.

मे 2025 मध्ये अबू धाबीत तोच पानाथिनाइकोस पुन्हा उपांत्य फेरीत समोर आला. या वेळी फेनरबाचे जिंकला आणि दोन दिवसांनी मोनॅकोला 81-70 असे हरवून युरोलीगचा विजेता ठरला. प्रशिक्षक म्हणून शारूनसची ती सहावी फायनल फोर होती आणि पहिले विजेतेपद. इस्तंबूलला परतल्यावर, हंगाम संपण्याआधी, त्याच्या संघाने तुर्की लीगही जिंकली.