बर्फ ‘वाढला’ म्हणता, पण कुठल्या वर्षापासून?

नमस्कार मंडळी. आज थेट आकड्यांपासून सुरुवात.

[स्क्रीनवर दोनच खांब: २०१२ आणि २०१३]

सप्टेंबर २०१३. एका ब्रिटिश वृत्तपत्रात मथळा येतो: आर्क्टिकवरचा बर्फ एका वर्षात ६० टक्क्यांनी वाढला. म्हणजे पृथ्वी तापतेय ही नुसती ओरड, उलट ती थंड होतेय! हा मथळा अजून मेलेला नाही. अधूनमधून नवे कपडे घालून फॅमिली ग्रुपवर येतच असतो.

गंमत म्हणजे तो सपशेल खोटा नाही. आर्क्टिकचा समुद्री बर्फ उन्हाळाभर वितळतो आणि सप्टेंबरमध्ये वर्षातला सर्वांत कमी आकडा गाठतो. २०१२ मध्ये हा आकडा होता साधारण ३४ लाख चौरस किलोमीटर. २०१३ मध्ये ५१ लाख. करा हिशोब. पन्नास टक्के वाढ. साठ नाही, पण काही कमी नाही.

आता तिसरा खांब घालू. १९७९. तेव्हा हाच आकडा ७० लाखांच्या आसपास होता.

[तिसरा खांब येतो]

सत्तर मार्क मिळवणारा मुलगा चौतीसवर आला, पुढच्या परीक्षेत एक्कावन्न मिळाले, आणि घरात पेढे वाटले, पन्नास टक्के सुधारणा म्हणून. मथळा एवढंच सांगत होता. २०१२ हे उपग्रहांच्या नोंदीतलं आजवरचं सर्वांत वाईट वर्ष. त्याच्याशी तुलना केली की पुढचं जवळजवळ कुठलंही वर्ष बरंच दिसणार.

१९७९ च का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. आपल्याला सोयीचं वर्ष म्हणून शास्त्रज्ञांनी ते निवडलं का? नाही. १९७८ च्या शेवटी निंबस-७ हा उपग्रह वर गेला, आणि त्याच्यावरच्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) टिपणाऱ्या उपकरणापासून सलग नोंद सुरू झाली. सूक्ष्मलहरींचा फायदा असा की ढग असोत, सहा महिन्यांची ध्रुवीय रात्र असो, बर्फ दिसतोच. समुद्राचे चौकोन पाडायचे. ज्या चौकोनात किमान १५ टक्के बर्फ, तो अख्खा चौकोन बर्फाचा धरायचा. हा नियम नीट लक्षात घ्या, कारण त्यात जाडी कुठेच नाही. चार मीटर जाडीचा जुना बर्फ आणि काल रात्री धरलेला पापुद्रा, दोघांची किंमत सारखीच. आणि खरी पडझड जाडीतच झाली आहे. बर्फ जितका जुना, तितका जाड. १९८५ च्या मार्चमध्ये आर्क्टिक महासागरातला जवळपास एक तृतीयांश बर्फ चार वर्षांहून जुना होता. २०१९ च्या मार्चमध्ये उरला दीड टक्क्याहूनही कमी.

यंत्रं चुकतात हेही खरं. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एका उपग्रहाचा सेन्सर बिघडला आणि बर्फाचा आकडा तब्बल ५ लाख चौरस किलोमीटरने कमी दिसू लागला. शंकेखोरांनी टाळ्या पिटल्या. अमेरिकेच्या हिम आणि बर्फ माहिती केंद्राने बिघाड जाहीर केला, दुसऱ्या उपग्रहाचे आकडे घेतले, नोंद दुरुस्त केली. आलेखातली घसरण होती तशीच राहिली.

आता हवामान बदलावर शंका घेणाऱ्या संशयवाद्यांचा जरा तगडा मुद्दा घेऊ. ते म्हणतात, बरं, २०१२ सोडा. २००७ पासून बघा, सप्टेंबरचा आकडा वर-खाली होतोय, पण फारसा घसरलेला नाही. हे बरोबर आहे. गेल्या दोन दशकांत घसरण मंदावली आहे, हे बर्फाचा अभ्यास करणारेही मान्य करतात. समुद्रातले प्रवाह आणि वारे यांचे दशकभर चालणारे चढउतार त्यामागे असावेत, असं त्यांचं म्हणणं आहे. पण २००७ च्या आधी काय होतं? २००५ मध्ये आकडा ५३ लाखांवर आला, तेव्हा तो नीचांकी विक्रम म्हणून गाजला होता. २००७ ते २०२५, एकोणीस सप्टेंबर झाले. त्यातला एकही त्या ५३ लाखांपर्यंत परत पोचलेला नाही. जुना सर्वांत वाईट आकडा आताच्या सर्वांत चांगल्या आकड्यापेक्षा वर आहे!

बर्फ एवढ्यावर ठेवू. तापमानाकडे येऊ, आणि तिथे मी पर्यावरणवाल्यांचा एकही आकडा वापरणार नाही. संशयवाद्यांचीच वही उघडू.

[स्क्रीनवर: जॉन ख्रिस्टी, रॉय स्पेन्सर]

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल शाखेतले हे दोन शास्त्रज्ञ. हवामान बदलाचा बाऊ केला जातो, असं दोघंही वर्षानुवर्षं सांगत आलेत, अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढेसुद्धा. हवेतल्या ऑक्सिजनमधून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी उपग्रहाने टिपायच्या आणि त्यावरून खालच्या काही किलोमीटर हवेचं तापमान काढायचं, ही पद्धत त्यांनी १९९० मध्ये मांडली. सुरुवातीला त्यांच्या नोंदीत तापमानवाढ दिसेचना. नव्वदच्या दशकात संशयवाद्यांचा हा हुकमी एक्का होता.

मग १९९८ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की हे उपग्रह हळूहळू खाली येत होते, आणि त्यामुळे नसलेली थंडी नोंदीत घुसत होती. २००५ मध्ये आणखी एक गोष्ट निघाली. उपग्रह रोज एखाद्या जागेवरून ज्या वेळी जातो, ती वेळ वर्षागणिक सरकते. दुपारचं तापमान संध्याकाळचं होतं! त्यासाठी केलेल्या दुरुस्तीतच अधिक-उण्याची चूक होती. ख्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी चूक मान्य करून नोंद बदलली, आणि हे त्यांचं मोठेपण म्हणायला हवं. आज त्यांचीच नोंद सांगते: दर दशकाला सुमारे ०.१५ अंश सेल्सिअस वाढ. आणि त्यांच्याच वहीत सर्वांत उष्ण वर्ष कोणतं? २०२४.

‘१९९८ नंतर तापमानवाढ थांबली’ हे वाक्य आठवतंय? १९९८ मध्ये जबरदस्त एल निनो होता, पारा उसळला होता. पुढची काही वर्षं तिथून रेघ ओढली की ती आडवीच जायची. एक वर्ष पुढे सरका, १९९९ पासून ओढा, की तेव्हाही रेघ चढायला लागायची.

दुसरी वही रिचर्ड मुलर यांची. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ. तापमानाच्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. शहरं वाढली, तापमापकाशेजारी डांबर आलं, वातानुकूलन यंत्रं आली, मग आकडा वाढणारच, ही शंका. त्यांनी बर्कली अर्थ हा प्रकल्प उभा केला. पैसे देणाऱ्यांत तेल उद्योगातल्या चार्ल्स कोक यांची धर्मादाय संस्थाही होती. ३६ हजारांहून जास्त केंद्रांच्या नोंदी घेतल्या, शहरांपासून लांबची केंद्रं वेगळी काढून पाहिली. २०१२ मध्ये मुलर यांनी जाहीरपणे लिहिलं की अडीचशे वर्षांत जमिनीवरचं तापमान सुमारे दीड अंशाने वाढलंय आणि जवळजवळ सगळी वाढ माणसामुळे आहे. ज्या संशयवाद्यांनी आधी ‘जो निकाल येईल तो मान्य’ म्हटलं होतं, त्यांतले काही नंतर फिरले. ते असो.

‘आकड्यांत फेरफार करतात’ हा आरोप तर मला फार आवडतो. कारण फेरफार खरंच करतात. पूर्वी जहाजावरून बादली सोडून समुद्राचं पाणी काढत आणि त्यात तापमापक बुडवत. बादली वर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी गार व्हायचं. म्हणून दुरुस्ती करताना जुने आकडे थोडे वर उचलावे लागतात. जुना काळ जरा उष्ण ठरला की एकूण वाढ कमी होते. म्हणजे संपूर्ण जगाचा हिशोब केला तर दुरुस्तीनंतर तापमानवाढ कमी दिसते, जास्त नाही. कसला हा कट!

दुसऱ्या बाजूलाही सोडायचं नाही. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर म्हणाले की पाच-सात वर्षांत उन्हाळ्यातले काही महिने आर्क्टिक जवळपास बर्फमुक्त होण्याची शक्यता ७५ टक्के आहे. झालं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, अंदाज बराच सबुरीचा आहे: २०५० च्या आधी निदान एका सप्टेंबरमध्ये तरी बर्फ १० लाख चौरस किलोमीटरच्या खाली जाईल. पण लोकांच्या लक्षात गोर राहतात, आणि संशयवाद्यांना आयतं कोलीत मिळतं.

राहिला अंटार्क्टिका. इथे संशयवादी बरीच वर्षं बरोबर होते. संगणकावरची हवामान मॉडेलं म्हणत होती तिथला समुद्री बर्फ कमी होईल, आणि तो वाढत होता. तिथले ऋतू उलटे, म्हणून तिथे सप्टेंबरमध्ये बर्फ सर्वांत जास्त असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने २ कोटी चौरस किलोमीटरचा टप्पा ओलांडला, उपग्रहांच्या काळात पहिल्यांदाच. २०१६ च्या शेवटी तो अचानक कोसळला. २०२३ च्या ऐन हिवाळ्यात जेमतेम १ कोटी ७० लाखांपर्यंत पोचला. खालच्या थरातलं कोमट पाणी वर येतंय, असा संशय आहे, पण या घसरणीची नेमकी कारणं अजून वादात आहेत. गोव्याच्या वास्कोमधलं आपलं राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रही या दक्षिण महासागरावर काम करतं.

अंटार्क्टिकाचा बर्फ वाढताना दाखवणारा आलेख तुमच्याकडे आला, तर त्याची उजवी कड बघा. बहुतेक वेळा तो २०१४ ला संपलेला असेल.